रत्नप्रभाची परीक्षा आणि माझी बॅटरी

गाडी सुरू होत नाही ही बातमी मला पटायच्या आधी आमच्या सद्भावना अपार्टमेंटला पटली होती. मी काचा वर करून आत बसलो होतो आणि किल्ली फिरवत होतो. गाडी नुसती 'कट् कट्' करत होती, कुणीतरी आत बसून सुपारी कातरावी तशी. काचा वर आहेत म्हणजे हा माझा आणि गाडीचा खाजगी मामला आहे, अशी माझी समजूत. मान वळवली तर डाव्या काचेला उत्तमसिंग चव्हाणांचं नाक टेकलेलं, आणि पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून अश्वजित दात घासता घासता वाकून पाहतोय.

"बॅटरी बसली!" उत्तमसिंग बाहेरून ओरडले.

उत्तर द्यायला मी काच खाली करायला गेलो, पण काचही खाली येईना. शेवटी दार उघडून म्हणालो, "बसली वगैरे काही नाही. थंडीमुळे जरा जड जातेय."

"थंडी मले बी वाजून राह्यली ना सायेब. पण मी उठलो ना सकाळी?"

उत्तमसिंगांचा एक पाय दिग्रसकडच्या त्यांच्या तांड्यावर, शेतात असतो आणि दुसरा आमच्या पार्किंगमध्ये. नातवंडांच्या शाळेसाठी ते यवतमाळात राहतात आणि दोन ट्रॅक्टर बाळगून असल्यामुळे चाक असलेल्या कुठल्याही वस्तूवर आपला शब्द शेवटचा मानतात. अश्वजित बँकेत आहे आणि आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. तो मला काका म्हणतो आणि त्यानंतर नियम सांगतो.

एरवी मी गाडी तशीच झाकून ठेवली असती. निवृत्त माणसाला जायचं कुठे असतं? पण शनिवारी रत्नप्रभाची, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींची, ड्रायव्हिंगची परीक्षा होती. उत्तमसिंगांची भाची राखी राठोड मोटार शिकवण्याचा वर्ग चालवते. तिच्याकडे रत्नप्रभा शिकली. मात्र राखीची शिकवणीची गाडी एका होतकरू विद्यार्थ्याने आर्णी रोडवर दुभाजकावर चढवली होती, त्यामुळे परीक्षेला आमचीच गाडी न्यावी लागणार होती. शिकाऊ परवान्याची मुदत संपत आली होती. ही तारीख हुकली की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

बाईंना या वयात लायसन कशाला, असं कॉलनीत पुष्कळांनी विचारलं. तिची आई बोरी अरबला असते. तिथं जायचं तर रत्नप्रभाचा अर्ज आधी माझ्या मूडकडे, मग माझ्या कमरेकडे आणि तिथून गाडीकडे जातो, आणि बहुतेक वेळा त्रुटी काढून परत येतो. तिला अर्जच करायचा नव्हता, एवढी साधी गोष्ट होती.

"मेकॅनिकला बोलवा," ती म्हणाली.

इथे माझा स्वाभिमान आडवा आला. मी भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालो. जन्मभर मोजणी केली. बाभुळगावपासून ढाणकीपर्यंत कितीतरी भावाभावांच्या बांधांवर मी उभा राहिलेलो आहे, आणि मोजल्याशिवाय बोलायचं नाही हे माझं ब्रीद आहे. ज्या माणसाने नाल्याने खाल्लेली हद्द कायम केली, त्याला एका डब्यातली वीज मोजता येऊ नये? मी बाजारात गेलो आणि मल्टिमीटर घेऊन आलो. लाल वायर, काळी वायर आणि मधे गोल फिरणारं बटण. हातात धरताच मला पुन्हा नोकरीत रुजू झाल्यासारखं वाटलं.

बॉनेट उघडलं. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी साचली होती. उत्तमसिंग म्हणाले, "गरम पानी टाका अन् खाण्याचा सोडा टाका." मी सोडा आणायला वर गेलो, तर त्या दिवशी ढोकळा होता आणि डबा रिकामा. अश्वजित म्हणाला, इंटरनेटवर लोक शीतपेय ओततात. मी ओतलं. बुरशी गेली. मुंग्या आल्या. बॉनेटखाली मुंग्यांची रांग असलेली यवतमाळ शहरातली ती बहुधा एकमेव गाडी असेल.

मग मोजणी केली. चांगली चार्ज झालेली बॅटरी साडेबारा व्होल्टच्या थोडं वर दाखवते. आमची अकराच्या आसपास लोळत होती. मी आकडा मोठ्याने वाचला. अश्वजितने मान डोलावली. उत्तमसिंगांनी बॅटरीला वरून बुक्की मारली आणि म्हणाले, "आता पाहा." मी पाहिलं. आकडा तोच होता. "मंग डायनामो गेला," त्यांनी निकाल दिला.

डायनामो, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी भरणारं यंत्र, गेला की नाही हे पाहायचं तर आधी इंजिन चालू व्हायला हवं, आणि इंजिन चालू करायला बॅटरी हवी. खात्यात असताना मी लोकांना हेच सांगत असे, की मोजणी झाल्याशिवाय नोंद नाही आणि नोंद असल्याशिवाय मोजणी नाही. हे ऐकून माणसं अशी का पाहायची ते मला प्रथमच कळलं.

उत्तमसिंगांनी तांड्यावरून ट्रॅक्टरची बॅटरी चार्ज करायचा चार्जर मागवला. तो घेऊन मी पार्किंगमधल्या सॉकेटपाशी गेलो, तर अश्वजित आडवा उभा.

"काका, हे कॉमन मीटर आहे. खाजगी बॅटरी यावर नाही लावता येत. अर्ज द्या, कमिटीपुढे ठेवतो."

"कमिटी कधी बसते?"

"महिन्याच्या पहिल्या रविवारी."

"अरे, शनिवारी तुझ्या काकूची परीक्षा आहे!"

"म्हणून म्हणतो, अर्जात 'तातडीचे' असं लिहा."

मी बाणेदारपणे बॅटरी घरीच न्यायची ठरवली. लिफ्ट बंद होती. ती बंद आहे म्हणूनच कमिटी महिन्यातून एकदा बसते. मी पाना घेऊन बॅटरी सोडवायला लागलो. आधी काळी वायर सोडायची की लाल, यावर माझं आणि उत्तमसिंगांचं एकमत होईना. त्यांच्या शब्दाला मान देऊन मी लाल सोडायला गेलो. पाना शेजारच्या लोखंडाला लागला, अशी ठिणगी उडाली की उत्तमसिंग तुळशीच्या कुंडीमागे दिसले, आणि गाडीचा चोर-भोंगा कोकलू लागला. बॅटरीत गाडी सुरू करण्याइतकी वीज नव्हती, पण माझी अब्रू घालवण्याइतकी होती. तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्या भरल्या. कुणीतरी वरून विचारलं, "कोण पकडला?"

बॅटरी पोटाशी धरून मी तिसऱ्या मजल्यावर नेली. अर्ध्या जिन्यात ती जरा कलली, तेव्हा काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी जिल्हा कोषागारात हयातीचा दाखला द्यायला गेलो, तेव्हा तिथल्या बाई माझ्या पँटीकडे पाहून दुसरीकडे पाहू लागल्या. ॲसिडने पुढच्या बाजूला चाळणी केली होती. हयातीचा दाखला तर स्वीकारला गेला, पण तो देताना हयात असल्याचं फारसं समाधान वाटलं नाही.

मधेच मला आठवलं की बॅटरीची वॉरंटी शिल्लक आहे. दुकानात गेलो. दुकानदाराने कार्ड उलटंपालटं करून पाहिलं.

"बॅटरी जुन्या मालकाच्या नावावर हाय जी."

"पण गाडी माझ्या नावावर आहे, आणि बॅटरी गाडीत आहे."

"गाडी तुमची. बॅटरी त्याहिची. त्याहिचं संमतिपत्र आना, नाई तं त्याहिले घेऊन या."

जुने मालक पुण्याला मुलाकडे राहायला गेलेले. मी वाद घातला नाही. ते वाक्य इतकं कसलेलं होतं, की मला त्या माणसाबद्दल आदरच वाटला. खात्यात असता तर वर गेला असता.

घरी चार्ज करून बॅटरी गाडीत बसवली आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. इंजिन चालू ठेवून मीटर लावला, आकडा चौदाच्या वर गेला. म्हणजे डायनामो ठणठणीत. उत्तमसिंगांना हे आवडलं नाही. ते म्हणाले, "मीटर चायनाचा असंन." मी मात्र विजयी मुद्रेने वर जाऊन रत्नप्रभाला सांगितलं की दोष दूर झाला आहे. ती म्हणाली, "दोष काय होता?" बायकांना असे प्रश्न विचारायची सवय असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा पुन्हा घसरला होता.

अश्वजितने खुलासा केला. बॅटरी चांगली, डायनामो चांगला, म्हणजे गाडी उभी असताना कुणीतरी आतून वीज पितंय. "काका, सगळं बंद करा. काळी वायर काढा, तिच्या आणि बॅटरीच्या मधे मीटर लावा. मग एकेक फ्यूज उपसत जा. जो उपसल्यावर आकडा पडेल, चोर तिकडे."

हे मला फारच पटलं. ही तर सरळ हद्द कायम करण्याची पद्धत. मी स्वच्छ कपडे करून खाली आलो. उत्तमसिंग आणि अश्वजित पंच म्हणून उभे राहिले. मी जाहीर केलं, "दिवे बंद. पंखा बंद. रेडिओ बंद. आतला दिवा बंद. डिकीचा दिवा बंद." दोन्ही पंचांनी आत डोकावून खात्री केली आणि "बंद" म्हणाले. मीटर लावला. कुणीतरी पीत होतं आणि चांगलं घटाघटा पीत होतं. मी फ्यूज उपसायला लागलो. पहिला उपसला, आकडा तसाच. दुसरा, तिसरा, सगळेच उपसले, एक गटारात पडला, तरी आकडा ढिम्म. शेवटी गाडीत एकही फ्यूज उरला नाही आणि चोर मात्र आतच.

"गाडीले नजर लागली," उत्तमसिंग गंभीरपणे म्हणाले. अश्वजित मोबाइलमध्ये शिरला. मी मीटर उन्हात धरून, मग सावलीत धरून पाहिला.

तेवढ्यात रत्नप्रभा चहा घेऊन खाली आली. ट्रे बॉनेटवर ठेवून तिने काचेतून आत पाहिलं.

"आणि हे काय फिरून राहिलंय?"

डॅशबोर्डवर आमचा गणपती आहे. नोकरीच्या शेवटच्या वर्षी दसऱ्याला गाडीची पूजा केली तेव्हा मी त्याच्या मागे एक प्रभावळ बसवून घेतली होती. रंगीत दिवे आणि डोक्यामागे गरगर फिरणारं चक्र. गाडी बंद केली की चक्र थांबतं, हे उत्तमसिंगांना बरं वाटलं नव्हतं. देवापुढचा दिवा अखंड असावा, असं ते म्हणाले आणि मलाही ते लागलं. म्हणून वायरमनला सांगून, किल्लीला आणि फ्यूजला वळसा घालून, ते थेट बॅटरीला जोडून घेतलं होतं. नोकरीत असताना गाडी रोज पळायची, प्यालेलं भरून निघायचं. निवृत्तीनंतर ती उभी राहिली आणि चक्र फिरत राहिलं.

ते मला दिसत नव्हतं अशातला भाग नाही. दिसत होतं. दोन्ही पंचांनाही दिसत होतं. पण पंखा चालू असतो, रेडिओ चालू असतो. देव चालू आहे असं कुणी म्हणतं का?

"काढा ते," रत्नप्रभा म्हणाली.

"अशी कशी काढा म्हणता वहिनी?" उत्तमसिंग चमकले. "अखंड लावला ना? मंग? मधातच बंद करनं म्हणजे... माह्या सांगण्यावरून लावला जी तो!"

"काका, टेक्निकली तो लोड आहे," अश्वजित म्हणाला. मग इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, "पण मी असं म्हणालो असं सांगू नका."

राखी त्याच वेळी स्कूटीवरून आली. तिने काचेतून पाहिलं, मामाकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारून आईला हाक घातली. "याडी! मामा, मंदिरातला देव बी दुपारी झोपते ना? यायलेच कायले ओव्हरटाइम लावला?" आणि डॅशबोर्डखाली हात घालून तिने प्रभावळीची पिन ओढून काढली. मीटरचा आकडा शून्याशी आला. उत्तमसिंगांनी कान पकडले. मीही पकडले, पण एकच, कारण दुसऱ्या हातात मीटर होता.

कथा इथं संपायला हरकत नव्हती. पण फ्यूज परत बसवल्यावर बॅटरी पुन्हा चार्जरला लावायची होती. यावेळी अश्वजितने वाटाघाटीने पार्किंगचं सॉकेट दिलं, पण कमिटीच्या मंजुरीअभावी फक्त 'तात्पुरत्या स्वरूपात'. ती तात्पुरती मुदत बॅटरी भरायच्या आतच संपली. तरी गाडी सुरू होत होती. रत्नप्रभा रोज राखीला शेजारी बसवून पोस्टल ग्राउंडला चकरा मारू लागली आणि घरी आल्यावर पोळ्या लाटता लाटता डाव्या पायाने क्लच सोडू लागली.

आणि गुरुवारी मी न्हाणीघरात घसरलो. फार लागलं नाही. कोपर सोललं. पण त्याच दिवशी उत्तमसिंगांच्या घरी दूध नासलं. दोघं जिन्यात भेटलो. ते माझ्या कोपराकडे पाहत राहिले आणि मी त्यांच्या हातातल्या पातेल्याकडे. मोजणीवर विश्वास असलेल्या माणसालाही कधीतरी पातेलं पाहावं लागतं. मी खाली गेलो, इकडेतिकडे पाहिलं आणि पिन पुन्हा लावली. शनिवारपर्यंत पिऊन पिऊन तो पिणार किती, असा माझा हिशेब. वर उत्तमसिंगांनी गॅलरीतून हात जोडले. प्रभावळीवर मी एक रुमाल टाकला, म्हणजे देवाला दिवा आणि रत्नप्रभाला अंधार, असा समतोल साधला.

शनिवारी सकाळी गाडी जरा कुरकुरत सुरू झाली. राखी म्हणाली, "थोडी बिमार वाटून राह्यली." मी म्हटलं, थंडी. परीक्षेच्या मैदानावर मोठी रांग होती. रत्नप्रभा गाडी बंद करून, स्टिअरिंग धरून, ओठ हलवत बसली होती. रस्त्यावरची चिन्हं पाठ म्हणत असावी. लग्नात हार घालताना तिचा चेहरा असा झाला होता, तो मी त्यानंतर आज पाहिला. तिला उकडू नये म्हणून मी पंखा लावला. उत्तमसिंग धीर द्यायला आले होते. त्यांनी अधूनमधून हॉर्न वाजवून पाहिला.

तिचा नंबर आला. राखीने खाली उतरून जागा दिली. निरीक्षक साहेब काचेपाशी आले आणि म्हणाले, "पट्टा लावा. आरसे पाहा. गाडी सुरू करा."

कट् कट्.

मी मागच्या सीटवर होतो. मी डोळे मिटले.

कट् कट् कट्. तिसऱ्या खेपेला गाडीला हिसका बसला आणि रुमाल खाली घसरला. चक्र मंद, दमलेलं, पण इमानाने फिरत होतं. रत्नप्रभाने आधी चक्राकडे पाहिलं. मग समोरच्या आरशातून माझ्याकडे पाहिलं. आरसा पाहावा असा परीक्षेचा नियमच होता, पण इतका वेळ पाहावा असं कुठं लिहिलेलं नाही.

"हे कोणी लावलं परत?"

"अगं, परवा मी पडलो ना, म्हणून..."

"पडलात तुम्ही," ती म्हणाली, "आणि नापास व्हायचं मी?"

आवाज मोठा नव्हता. पण मला तो फार लागला. शेजारून उत्तमसिंग खाली मान घालून दूर झाले.

"पुढचा नंबर घेऊ का?" निरीक्षक म्हणाले. पण पुढचा नंबर घेणार कसा? आमची गाडी वाटेच्या बरोब्बर तोंडाशी अडकलेली, मागे सगळी रांग. मागून हॉर्न सुरू झाले. आमच्या इकडे माणूस अडला तर लोक सल्ला देतात, पण गाडी अडली तर हात लावतात. उमेदवार उतरले. उमेदवारांचे बाप उतरले. उत्तमसिंगांनी बाह्या सारल्या. मीही उतरून मागे लागलो.

राखी बाजूने ओरडली, "मॅडम, किल्ली चालू! दुसरा गिअर! क्लच दाबून ठेवा! मी म्हनलं की सोडा!"

"लगाव जोर!" उत्तमसिंग गरजले. गाडी हलली, सरकली, पळू लागली. "सोडा!" एक गचका, एक उचकी, आणि इंजिनाने असा हुंकार दिला की सगळं मैदान टाळ्या वाजवू लागलं. रत्नप्रभाने गाडी बंद पडू दिली नाही. तशीच पुढे घेतली, आठाचा आकडा काढला, चढावर थांबवून पुन्हा उचलली, मागे घेतली. एकाही खांबाला धक्का नाही. माझ्या हातून मागच्या खेपेला आमच्याच पार्किंगचा खांब सुटला नव्हता.

निरीक्षकांनी शेरा मारला. कुणीतरी मागून म्हणालं, "साहेब, यांची गाडी तर ढकलून सुरू झाली!"

"बाईंची परीक्षा होती," ते म्हणाले. "बॅटरीची नव्हती. पास."

मी फाटकाकडे धावलो, कारण गाडी तिकडे निघाली होती. फाटकाशी ती जराशी मंदावली. राखी दार उघडून चालत्या गाडीत चढली. मीही मागचं दार धरायला हात पुढे केला.

"रोकू नका मॅडम!" राखीचा आवाज आला. "बंद पडली तं परत सुरू नाई होनार! घंटाभर लंबी चालवा, बॅटरी भरते!"

रत्नप्रभाने काच खाली केली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता आणि ती हसत होती.

"मी आईकडे जाऊन येते," ती म्हणाली, आणि गाडी दारव्हा रोडला लागली.

मी काही पावलं पळालो. मग लोक पाहत आहेत हे लक्षात आल्यावर, मला तिकडेच जायचं होतं अशा थाटात चालू लागलो. उत्तमसिंगांनी ऑटो थांबवला. वाटेत ते एवढंच म्हणाले, "दूध म्हशीचं होतं. म्हैस आजारी होती, कालच समजलं."

घरी आलो आणि दारासमोर उभा राहिल्यावर ध्यानात आलं, की घराची किल्ली गाडीच्या किल्लीच्या जुडग्यात आहे, आणि ते जुडगं गाडीत लागलेलं आहे. फोन केला. राखीने उचलला. म्हणाली, मॅडम गाडी चालवून राह्यल्या, चालवताना त्या फोन घेत नाहीत, नियम हाय.

मी जिन्याच्या पायरीवर बसलो. थोड्या वेळाने खालून एक गृहस्थ चढत आले. रत्नप्रभाच्या भिशीतल्या बाईंचे यजमान. हातात डबा होता.

"रत्नप्रभाताई आहेत का?"

"बाहेर गेल्यात," मी म्हणालो.

"कधी येतील?"

"काही सांगून गेल्या नाहीत."

ते डबा माझ्या मांडीवर ठेवून गेले. मी नोकरीत असताना बांधाच्या तक्रारी घेऊन माणसं सकाळ-संध्याकाळ दारात यायची, आणि रत्नप्रभा दार धरून त्यांना हीच दोन वाक्यं सांगायची. आतून ऐकायला ती फार सोपी वाटत.